तापल्या पत्र्याचीं शिरस्त्राणें

इ. स. १९७७ च्या मे महिन्यांत अमेरिकेंत 'स्टार वॉर्स' नांवाचा चित्रपट प्रसिद्ध झाला. दूरच्या कोण्या तारकामंडळांतील युद्धाची ती कल्पित कथा आहे. तींतील जुलमी साम्राज्याचे शिपाई नखशिखांत पांढऱ्या चिलखतांत वावरतात, आणि त्यांचे चेहरे पांढऱ्या शिरस्त्राणांआड सदैव झांकलेले असतात. डोळ्यांच्या जागीं काळपट भिंगें, तोंडाच्या जागीं खालीं वांकलेली एक रुष्ट रेघ, आणि दोन्ही बाजूंस कानांसारखे उंचवटे. पडद्यावर हें शिरस्त्राण पोलादाहून कठीण भासतें. प्रत्यक्षांत तें प्लॅस्टिकचें एक पातळ टरफल होतें.

कथेंत या शिपायांना 'स्टॉर्मट्रूपर' म्हणतात. त्यांच्या शिरस्त्राणाची हुबेहूब प्रतिकृति स्वतःच्या हातांनीं करावी, हा छंद आज जगभर पसरलेला आहे. अमेरिकेंत १९९७ सालीं स्थापन झालेल्या '५०१ वी लीजन' या हौशी मंडळाचे सभासद असा संपूर्ण वेष चढवून रुग्णालयांतील मुलांना भेटावयास जातात, धर्मादाय कार्यासाठीं निधि जमवितात, आणि वेषांतील एकेका रेघेविषयीं आपसांत कसून वाद घालतात. हा पोरखेळ म्हणून सोडून द्यावा, असें एकाद्याला वाटेल. परंतु याच टरफलावरून ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत एक दावा गेला, आणि शिल्प कशाला म्हणावें व कशाला म्हणूं नये, या प्रश्नाचा तेथें निकाल लागला. तो दावा नीट समजावयाचा, तर हें टरफल कसें तयार होतें तें प्रथम समजलें पाहिजे. कारण भांडणाचें मूळ त्या कृतींतच आहे.

जुन्या नाटक मंडळ्यांत राजाचा मुकुट कागदाच्या लगद्याचा करीत आणि त्यावर बेगड चिकटवीत. शेवटच्या रांगेंतल्या प्रेक्षकाला तो सोन्याचा दिसला म्हणजे काम भागलें. चित्रपटाचें तसें नाहीं. तेथें कॅमेरा पात्राच्या नाकापाशीं येऊन उभा राहतो. शिवाय राजा एकच असतो. पलटण उभी करावयाची तर पन्नास शिपायांचीं पन्नास शिरस्त्राणें एकमेकांसारखीं हवींत, हलकीं हवींत, थोड्या दिवसांत हवींत आणि स्वस्तहि हवींत. या सर्व अटी एकदम पुऱ्या करणारी कृति म्हणजे प्लॅस्टिकचा पत्रा तापवून तो निर्वाताच्या साहाय्यानें सांच्यावर बसविणें, ही होय.

प्लॅस्टिकच्या ढोबळ मानानें दोन जाति आहेत. जुन्या रेडिओची तपकिरी पेटी ज्या बेकेलाइटची असे, तें एकदां सांच्यांत घट्ट झालें कीं पुन्हां मऊ होत नाहीं. भट्टींतून निघालेली वीट पुन्हां चिखल होत नाहीं, तसेंच तें. दुसरी जात लाखेसारखी आहे. लाखेच्या बांगड्या करणारा कारागीर निखाऱ्यावर लाख मऊ करतो, तिला हवा तो आकार देतो आणि थंड होऊं देतो. आकार बिघडला तर पुन्हां शेकतो. या जातीला थर्मोप्लॅस्टिक असें नांव आहे. दोहोंतील फरक अणुरेणूंच्या रचनेचा आहे. थर्मोप्लॅस्टिकांतील रेणु सुतळीच्या लांब सुट्या तुकड्यांसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. उष्णता मिळाली कीं ते एकमेकांवरून सरकूं लागतात. बेकेलाइटमध्यें त्याच सुतळीचें गांठी मारलेलें जाळें झालेलें असतें, आणि गांठी सुटत नाहींत तोंवर जाळें सरकत नाहीं.

शिरस्त्राणांच्या प्रतिकृतींसाठीं हौशी लोक बहुधा ए. बी. एस. नांवाचें प्लॅस्टिक पसंत करतात. अॅक्रिलोनायट्राइल, ब्यूटाडाइन व स्टायरीन या तीन द्रव्यांपासून तें बनतें. शंभर अंश सेंटिग्रेडच्या थोडें वर तें मऊ पडूं लागतें, आणि दीडशें ते एकशें ऐंशी अंशांच्या दरम्यान सांच्यावर ओढण्याजोगें होतें. त्याला हवेंतील ओल शोषून घेण्याची खोड आहे. दमट पत्रा तसाच तापविला तर पापडासारखे फोड येतात आणि सारा पत्रा वायां जातो. म्हणून जाणता कारागीर तो आधीं मंद आंचेवर कांहीं तास सुकवून घेतो.

पत्रा चौकटींत चारी बाजूंनीं घट्ट आवळून तापकाखालीं धरला म्हणजे तो प्रथम थोडा सुरकुततो, मग ताणल्यासारखा सपाट होतो, आणि शेवटीं आपल्याच वजनानें मध्यें झोळीसारखा लोंबूं लागतो. ही झोळीच कारागिराचें घड्याळ. ती उथळ असेल तर पत्रा अजून कच्चा आहे, सांच्याच्या कोपऱ्यांत उतरणार नाहीं. फार खोल गेली तर तो पातळ होऊन फाटेल. उष्णतामापकाच्या आंकड्यापेक्षां झोळीकडे पाहणाऱ्याचें काम अधिक बिनचूक होतें, यांत नवल नाहीं. पोळी फुगली कीं ती उतरवावी, हें कोणती गृहिणी घड्याळावरून ठरविते?

लोंबलेला पत्रा आतां सांच्यावर दाबून बसवावयाचा. सांचा एका छिद्रांच्या फळीवर मांडलेला असतो, आणि फळीखालच्या पेटींतून हवा काढून घेण्याची सोय असते. चौकट खालीं आणून पत्र्यानें सांचा झांकतांच खालची हवा ओढून घेतली जाते, आणि क्षणार्धांत पत्रा सांच्याला चिकटून त्याचा आकार धरतो. पाहणाऱ्याला वाटतें कीं निर्वातानें पत्रा खालीं खेंचला. तसें मुळींच नाहीं. निर्वात कोणालाहि खेंचीत नाहीं; ढकलते ती वरची हवा. आपल्या डोक्यावर हवेचा जो महासागर आहे, त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारें एक किलोग्रॅम भरतो. एरवीं तो दोन्ही अंगांनीं सारखा असल्यानें जाणवत नाहीं. एका अंगाची हवा काढली कीं दुसऱ्या अंगाचा दाब उघडा पडतो. सतराव्या शतकांत जर्मनींतील ऑटो फॉन गेरिके यानें धातूचे दोन पोकळ गोलार्ध जुळवून त्यांतील हवा काढली, तेव्हां घोड्यांच्या दोन तुकड्यांनाहि ते विलग करितां येईनात, ही कथा शाळेच्या पुस्तकांत असतेच. साठ सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद पत्र्याचें क्षेत्रफळ ३,६०० चौरस सेंटिमीटर होतें. म्हणजे खालीं पूर्ण निर्वात झाला तर त्या मऊ पत्र्यावर सुमारें ३,६०० किलोग्रॅमचें ओझें सर्व बाजूंनीं सारखें येऊन पडतें. असा समतोल दाब देणारें दुसरें यंत्र उभारावयाचें, तर केवढा खटाटोप पडला असता! येथें तें फुकट मिळतें.

या कृतीच्या मर्यादाहि तितक्याच स्पष्ट आहेत. पहिली मर्यादा आकाराची. ओल्या वाळूनें भरलेली बादली उपडी केली तर वाळूची बादली अलगद सुटून येते, कारण बादली तोंडाशीं रुंद व तळाशीं अरुंद असते. तोच प्रयोग घागरीवर करून पाहावा. घागर फोडल्यावांचून वाळूची घागर हातीं लागणार नाहीं. पत्र्याचेंहि तसेंच. ज्या सांच्याचे उतार बाहेर पसरत जातात, त्यावरूनच टरफल सुटतें. जेथें सांचा आंत वळतो तेथें तें अडकतें. दुर्दैवानें माणसाचें डोकें घागरीच्या जातीचें आहे. म्हणून हें शिरस्त्राण एका पत्र्यांत होत नाहीं. पुढचा चेहरा निराळा, डोक्याचा व मानेमागचा भाग निराळा, असे दोन तुकडे ओढून ते बाजूंना जुळवितात. हा सांधा उघडा राहिला तर सारी शोभा जाईल. म्हणून त्यावर दोन 'कान' बसविलेले असतात, आणि चेहऱ्याचा व डोक्याचा जोड कपाळावरच्या काळ्या पट्टीखालीं लपतो. चित्रपट पाहणाऱ्याला ज्या कानांत एकादें गूढ श्रवणयंत्र असावें असें वाटतें, ते सांधा झांकण्याच्याहि कामीं येतात.

दुसरी मर्यादा जाडीची. पत्रा ताणला जातो तेव्हां नवें प्लॅस्टिक कोठून येत नाहीं. आहे तेंच अधिक जागेवर पसरतें. सपाट वर्तुळाचा अर्धगोल केला तर क्षेत्रफळ बरोबर दुप्पट होतें, म्हणून दोन मिलिमीटरचा पत्रा सरासरीनें एक मिलिमीटरचा उरतो. ही सरासरी झाली. वाटणी सारखी नसते. पत्र्याचा जो भाग सांच्याला आधीं टेकतो तो लगेच थंड होऊन जाडच राहतो, आणि उरलेल्या भागाला सगळा ताण सोसावा लागतो. उठावाच्या सांच्यावर डोक्याचा माथा दणकट आणि खालचा कांठ पापुद्र्यासारखा, असा प्रकार होतो तो यामुळें. दोन उंच भाग जवळजवळ असले तर त्यांमध्यें पत्र्याची चुणी पडते, आणि ती एकदां पडली कीं घांसून जात नाहीं.

घरगुती हौशी माणसाजवळ कारखान्याचें यंत्र नसतें. तो लांकडाच्या दोन चौकटींत पत्रा आवळतो, भट्टींत तापवितो आणि केर ओढण्याच्या विजेच्या यंत्रानें हवा काढतो. तें यंत्र वातावरणाच्या दाबाच्या साधारण पांचव्या हिश्शाइतकाच फरक निर्माण करतें; त्यामुळें ठळक आकार उतरतो, पण बारीक रेघा बोथट राहतात. याहून बरा उपाय म्हणजे एका भक्कम टांकींतील हवा पंपानें आधींच काढून ठेवावी आणि पत्रा बसतांक्षणीं तोटी उघडावी. पत्रा काहीं पळांतच ताठ होतो, म्हणून येथें नुसता जोर उपयोगी नाहीं, तो ताबडतोब मिळाला पाहिजे. शेवटीं जोडकाम. ए. बी. एस. चीं कात्रणें अॅसिटोनमध्यें विरघळविलीं कीं त्याचाच लेप होतो, आणि तो सांध्यांत भरून घांसला म्हणजे दोन तुकडे एकजीव होतात. मात्र अति तापलेल्या ए. बी. एस. चा धूर अपायकारक असतो आणि अॅसिटोन झटकन् पेट घेतें. ज्या भट्टींत हा पत्रा तापविला तिच्यांत पुन्हां अन्न भाजूं नये, आणि हें काम बंद खोलींत तर कधींच करूं नये.

आतां मूळ शिरस्त्राणांकडे वळावयाचें. जॉर्ज ल्यूकस हा चित्रपटाचा कर्ता. त्याच्या कल्पनेवरून राल्फ मॅक्वॉरी या चित्रकारानें १९७४ ते १९७६ या काळांत चित्रें काढलीं, आणि पांढऱ्या शिपायाचें रूप त्यांत प्रथम दिसलें. चित्रपटाचें चित्रीकरण इंग्लंडमध्यें व्हावयाचें होतें. तेथें १९७६ च्या आरंभीं निक पेंबर्टन या कारागिरानें त्या चित्रांवरून शिरस्त्राणाचा मातीचा नमुना घडविला. अंगावरच्या चिलखताचे मातीचे नमुने ब्रायन म्यूर या शिल्पकारानें केले. पेंबर्टनच्या ओळखीचा अँड्र्यू एन्सवर्थ नांवाचा एक गृहस्थ लंडनजवळ ट्विकनहॅम येथें प्लॅस्टिकचा पत्रा ओढून वस्तु बनवीत असे. नमुना त्याच्याकडे गेला. त्यानें सांचे केले, कांहीं कच्चीं शिरस्त्राणें ओढून दाखविलीं, ल्यूकसनें अखेरचा प्रकार पसंत केला, आणि एन्सवर्थनें चित्रपटासाठीं पन्नास शिरस्त्राणें करून दिलीं. त्यांपैकीं बहुतेक पॉलिथीनचीं होतीं व त्यांना वरून पांढरा रंग दिलेला होता. पॉलिथीनवर रंग नीट धरत नाहीं. त्यामुळें त्याचे पोपडे निघत. मातीचा नमुना हातानें घडविलेला असल्यानें चेहऱ्याची उजवी व डावी बाजू तंतोतंत सारखी नाहीं, आणि हाडाचा प्रतिकृतिकार हा वांकडेपणाहि जपतो. सरळ, सुबक चेहरा दिसला कीं तो नकली, असें तो लगेच ओळखतो.

येथें एका गोष्टीचा उलगडा होणें जरूर आहे. एक शिरस्त्राण हातीं आलें तर त्यावरून दुसरें करणें कांहीं अवघड नाहीं, मग मूळ सांच्याला एवढें महत्त्व कां? टरफलाच्या आंत प्लॅस्टर ओतून सांचा केला तर त्यावर आंतल्या बाजूचा ठसा उतरतो. शिवाय ए. बी. एस. थंड होतांना शेंकडा सुमारें अर्ध्यानें आकसतें. म्हणजे तीस सेंटिमीटरच्या शिरस्त्राणांत दीड मिलिमीटरची घट. बाहेरून ठसा घेऊन त्यावरून उठावाचा सांचा केला तर उलट होतें. पत्र्याची जाडी आकारांत मिसळते आणि चेहरा सुजतो. नकलेची नक्कल, तिची पुन्हां नक्कल, अशा तीन-चार पिढ्या गेल्या कीं नाकीडोळीं सारखा दिसणाराहि भाऊ परका वाटूं लागतो. मूळ सांच्यावर ओढलेलें शंभरावें शिरस्त्राण मात्र पहिल्याच्या तोडीचें असतें.

एन्सवर्थजवळ तीं मूळ साधनें राहिलेलीं होतीं. २००४ सालीं त्यानें त्यांवर नवीं शिरस्त्राणें व चिलखतें काढून विकावयास आरंभ केला. अमेरिकेंत त्याची जी विक्री झाली, ती ८,००० ते ३०,००० डॉलरांच्या दरम्यानची होती. ल्यूकसच्या कंपनीनें त्याजवर कॅलिफोर्नियांत दावा लावला, आणि २००६ सालीं तेथील न्यायालयानें २ कोटि डॉलरांचा एकतर्फी निकाल दिला. त्यांतील १ कोटि ही, व्यापारचिन्हांच्या कायद्याखालीं तिप्पट केलेली भरपाई होती. विक्रीचा आंकडा आणि भरपाईचा आंकडा शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले कीं ट्विकनहॅमच्या त्या कारागिरापुढें काय वाढून ठेवलें होतें, तें ध्यानांत येतें. ती रक्कम वसूल करावयाची तर इंग्लंडच्या न्यायालयांत जावें लागणार होतें, आणि तेथें कंपनीनें इंग्लंडच्या कायद्याखालींहि स्वतंत्र हक्क सांगितला.

इंग्लंडच्या १९८८ च्या कायद्यांत खोंच अशी आहे. एकाद्या वस्तूच्या आराखड्यावरून ती वस्तु बनविली तर आराखड्याच्या हक्काचा भंग होत नाहीं. मात्र ती वस्तु स्वतःच कलाकृति असेल तर होतो. म्हणजे मॅक्वॉरीचीं चित्रें कितीहि सुंदर असोत, शिरस्त्राण हें 'शिल्प' ठरलें तरच कंपनीचा दावा टिकणार. आणि त्या कायद्यांत शिल्पाला कलात्मक गुणवत्तेची अट नाहीं. तें वाईट असलें तरी शिल्पच. मग शिल्प व इतर घडीव वस्तु यांतील सीमा कोठें आंखावयाची?

२००८ सालीं उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति मॅन यांनीं ही सीमा हेतूवरून आंखली. त्यांनीं विटांचा दाखला घेतला. अमेरिकन शिल्पकार कार्ल आंद्रे यानें १९६६ सालीं १२० विटांची एक साधी रास रचली. ती लंडनच्या टेट संग्रहालयानें विकत घेतली व तिच्यावरून बराच गहजब झाला. तशीच रास गवंड्यानें एकाद्या घराच्या फाटकाशीं टाकली तर तिला कोणी शिल्प म्हणणार नाहीं. विटा त्याच, रचना तीच. एक रास पाहण्यासाठीं म्हणून रचलेली, दुसरी बांधकामासाठीं. या कसोटीला लावतां, शिरस्त्राण हा पात्राच्या वेषाचा भाग होता. तें स्वतःकरितां पाहावें म्हणून घडविलेलें नव्हतें. तें शिल्प नव्हे, असा निकाल झाला. पुढें २७ जुलै २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हाच निर्णय कायम केला. लॉर्ड वॉकर व लॉर्ड कॉलिन्स यांच्या निकालपत्राचा मथितार्थ असा कीं, कलाकृति होती ती चित्रपट ही. शिरस्त्राण हें ती कलाकृति निर्माण करण्याच्या कामांतील एक साधन होतें.

एन्सवर्थ सर्वस्वी जिंकला, असें मात्र समजूं नये. शिरस्त्राणाचा कल्पक आपणच, हें त्याचें म्हणणें न्यायमूर्ति मॅन यांना पटलें नाहीं. पेंबर्टनच्या मातीच्या नमुन्याचें श्रेय पेंबर्टनकडेच राहिलें. चित्रपटाच्या नफ्यांत वांटा मागणारा त्याचा उलट दावाहि फेटाळला गेला. कॅलिफोर्नियाचा २ कोटींचा हुकूम इंग्लंडमध्यें बजावतां आला नाहीं, परंतु अमेरिकेंत माल विकून अमेरिकन हक्काचा भंग केल्याबद्दलचा दावा इंग्लंडच्या न्यायालयाला ऐकतां येतो, असें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें, आणि तेवढ्यापुरती बाजी कंपनीकडे गेली. न्यायालयाचा तर्क निर्दोष आहे. तरी हातांनीं माती घडवून एक अविस्मरणीय मुखवटा निर्माण करणाऱ्या माणसाला, तुझी कृति ही शिल्प नव्हे, असें ऐकावें लागणें थोडें कडूच. ती माती पडद्याऐवजीं संग्रहालयांत ठेवण्याकरितां घडविली असती, तर उत्तर बदलण्याचा संभव होता.

कारखान्यांत पन्नासांहून अधिक प्रतींनीं काढलेल्या कलाकृतींचा हक्क पंचवीस वर्षांवर आणून ठेवणारें जें आणखी एक कलम त्याच कायद्यांत होतें, तें २०१६ सालीं रद्द झालें. आराखड्यासंबंधींचें कलम अजून आहे. भारताच्या १९५७ च्या कायद्याच्या पंधराव्या कलमांतहि पन्नासाचाच आंकडा आहे: नोंदणीस पात्र असलेल्या पण नोंदणी न केलेल्या आकृतीची वस्तु हक्कदारानें किंवा त्याच्या परवानगीनें यंत्रकृतीनें पन्नासांहून अधिक वेळां काढली गेली, कीं त्या आकृतीवरील कॉपीराइट संपतो. पन्नासाव्या प्रतीपर्यंत तो शाबूत असतो.